दोन फौजांमधले पुणे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या जुन्या पेठांतून आणि नव्या सोसायट्यांतून अजूनही मातीचे किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर जुनी पोती, पोत्यांवर चिखल आणि चिखलात पेरलेले हळीव किंवा मोहरी. मग कुंभारवाड्यातून आणलेली चित्रे मांडली जातात. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाज्यावर पहारेकरी, उतारावर मावळे, पायथ्याला गाव. गावात शेतकरी, गवळण, भाजीवाली, वासुदेव, एखादी विहीर. गुहेत वाघ.

एवढी भरलेली दुनिया मुले चार-पाच दिवस खपून उभी करतात, पण तिच्यात खेळ होत नाही. मांडून झाली की ती फक्त पाहायची असते. मावळा जिथे ठेवला तिथे दिवाळी संपेपर्यंत उभा. भाजीवालीचे कुणाकडे काही येणे नाही, शेतकऱ्याला सारा भरायचा नाही, वाघ कुणाला खात नाही. शत्रू बहुधा नसतोच. असलाच तर तो अफझलखान असतो आणि मरणाच्या क्षणी गोठलेला असतो.

या दुनियेत खेळता यावे म्हणून तिच्यात काय घालावे लागेल? प्रश्न पोरांचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासाच्या वाटेने जाते. मराठी मुसलमानांसाठी तर त्याला आणखी एक टोक आहे. अशा दुनियेत आमचे चित्र कुठे ठेवायचे, आणि ठेवल्यावर त्याला काही करता येणार की फक्त मरता येणार?

खेळण्यातल्या शिपायांची पुढची पायरी

युरोपातही मुले खेळण्यातले शिपाई मांडून ठेवत. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून युद्धाचा खेळ खेळला जाऊ लागला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहून घरातल्या जमिनीवर शिपायांची लढाई कशी खेळायची याचे नियम दिले. पुढे अमेरिकेत असे खेळ खेळणारे क्लब निघाले. पण तोवर खेळणारा नेहमी सेनापतीच असे. फौज त्याची, नकाशा त्याचा, आणि समोरचा शत्रू.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने एक वेगळा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन नावाचे काल्पनिक प्रशियन गाव. दोन्ही बाजूंनी दोन फौजा येत आहेत, मध्ये हे गाव. दोघांना त्याने फौजा दिल्या आणि बाकीच्या खेळाडूंना गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू वेगळा. फौजा येण्याआधीच खेळाडू कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कुजबुजू लागले, सौदे करू लागले, कट रचू लागले. लढाई राहिली बाजूला. वेसलीला वाटले, आपला खेळ फसला. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचे, असे विचारू लागले.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने पुढे एक किल्ला, त्याखालची तळघरे आणि भोवतालचा मुलूख अशी ब्लॅकमूर नावाची दुनिया रचली. त्याने आणि गॅरी गायगॅक्स याने मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण दुनिया चालवतो, बाकीचे त्या दुनियेतले एकेक माणूस होतात. आपला माणूस काय करील ते तोंडाने सांगायचे, जमेल की नाही ते फाशांनी ठरवायचे. जगभर लाखो लोक हा खेळ खेळतात आणि पुण्यातही त्याची गोडी लागलेले तरुण आहेत.

या खेळाचा जन्म रणांगणावर झाला नाही. तो झाला दोन फौजांच्या मध्ये सापडलेल्या गावात. सतराव्या शतकाच्या आरंभीचे पुणे म्हणजे नेमके तसे गाव होते.

सत्ता वाटलेली हवी

खेळता येण्याजोग्या दुनियेची पहिली गरज म्हणजे एकाच्या हाती सगळे नसणे. सर्वशक्तिमान आणि न्यायी राजा असेल तर खेळाडूंनी करायचे काय? तक्रार नेऊन द्यायची आणि घरी जायचे. उलट सगळीकडे एकच जुलमी असेल तर दर वेळी एकच उत्तर उरते, बंड.

दख्खनमध्ये तसे नव्हते. १६०० च्या ऑगस्टमध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याच वेळी चाँदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. निजामशाही मात्र संपली नाही. मलिक अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पाव शतके ती बुडणारी सलतनत चालवून दाखवली. दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, पूर्वेला गोवळकोंड्याची कुतुबशाही, उत्तरेकडून मुघल, किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि जंजिऱ्याला सिद्दी. या सगळ्यांच्या मध्ये पुणे-सुपे परगणा, मालोजी आणि मग शहाजी भोसल्यांची जहागीर. मुठेकाठचा छोटा कसबा. आजच्या शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद, रविवार पेठेचे मलकापूर, सोमवारचे शहापूर. ही नावे त्या गावाच्या निरनिराळ्या धन्यांची आठवण देतात.

यातल्या एकाही सत्तेला दुसरीला पूर्ण गिळता येत नव्हते आणि एकीलाही दुसरीवाचून चालत नव्हते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजी आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. शहाजींचे सासरे लखुजी जाधवराव त्या वेळी मुघलांच्या चाकरीत होते. भाऊ एका बाजूला, सासरा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना मुसलमान बादशहा आणि मराठा स्वार. आता कुणी विचारील, इथे 'आपले' कोण? त्या काळातल्या माणसालाही हा प्रश्न पडत असे आणि त्याचे उत्तर त्याला दरवेळी नव्याने द्यावे लागे.

निष्ठा निवडावी लागते

दुसरी गरज याच्यातूनच निघते. खेळाडूला निवड हवी, आणि निवडीची किंमतही हवी.

शहाजींचा जीवनपट पाहा. भातवडीनंतर अंबरशी बिनसले म्हणून आदिलशाहीत गेले. पुढे निजामशाहीत परतले. १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादेत लखुजी जाधवरावांना मारवले, तेव्हा शहाजी मुघलांकडे गेले. तिथून निघून १६३३ मध्ये पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातले एक मूल गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार केला. १६३६ मध्ये माहुलीला शरण यावे लागले, तेव्हा पुन्हा आदिलशाही. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकते. त्या धावपळीत त्यांच्यामागे फिरणाऱ्या स्वारांनी, त्यांच्या जहागिरीतल्या पाटलांनी आणि कसब्यातल्या कारागिरांनी दरवेळी काय केले असेल? वसूल आता कुणाला द्यायचा, जुन्या धन्याच्या माणसाला घरात लपवायचे की हवाली करायचे? खेळ तिथे सुरू होतो.

या धामधुमीतच आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले. गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असे परंपरा सांगते. जाळणारा विजापूरच्या सुलतानाचा हिंदू सरदार, आणि त्याने बेचिराख केली ती एका मराठा सरदाराची जहागीर. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हाच मुरार जगदेव भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावला हत्तीची तुला करायला बसला. हत्ती तोलायचा कसा हे कुणाला सुचेना. तेव्हा शहाजींनी तोड काढली, अशी कथा आहे. हत्तीला नावेत उभे करा, पाणी कुठवर चढते तिथे खूण करा, हत्ती उतरवा आणि खुणेपर्यंत दगड भरा. दगड तोलले की हत्तीचे वजन निघाले. गावाचे नाव पडले तुळापूर. ज्याने आपले पुणे जाळले त्याच्याशेजारी बसून हत्ती तोलून देणे! या प्रसंगाला नायक आणि खलनायक या दोन खणांत कोंबता येत नाही. टेबलावरच्या खेळात मात्र तो सहज बसतो, कारण तिथे कालचा वैरी आजचा गरजू असू शकतो.

अनोळखी माणसे एकत्र यायला कारण हवे

तिसरी गरज अशी की वेगवेगळ्या जातीधर्मांची, वेगळ्या हुन्नराची माणसे एका कामात एकत्र यायला पटणारे कारण हवे. सगळेच स्वार असतील तर खेळ एकसुरी होतो. एकाला लिहिता यायला हवे, एकाला वाट माहीत हवी, एकाला हत्यार चालवता यायला हवे, एकाच्या शब्दाला वजन हवे.

या बाबतीत एका मराठी जाणकारीच्या माणसाचे उदाहरण घेतले असते, पण सर्वांत चांगले उदाहरण निघते ते अमेरिकेतल्या उर्दूच्या प्राध्यापकाचे. फिलिप बार्कर १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर भारतात आले, इथल्या भाषांचा अभ्यास केला, इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर झाले. पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले. लहानपणापासून मनात रचलेली 'टेकुमेल' नावाची दुनिया त्यांनी १९७५ मध्ये खेळ म्हणून छापली. तिच्यात युरोपातले सरदार आणि किल्ले नाहीत. भारत, प्राचीन इजिप्त आणि मेक्सिको यांच्या छटा आहेत. त्या दुनियेची स्वतंत्र भाषा त्यांनी व्याकरणासह तयार केली. एवढे सगळे खेळाडूने आधी पाठ करायचे का? बार्करनी सोपी युक्ती काढली. खेळाडू परदेशी म्हणून जकाल्ला या बंदरात उतरतो, परक्यांच्या मोहल्ल्यात राहतो, रीतभात चुकली तर जिवावर बेतते आणि कुणीतरी काम देईपर्यंत थांबावे लागते. माणूस आणि खेळाडू दोघेही ती दुनिया एकाच वेळी शिकतात.

दख्खनच्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. बहमनी काळापासून इथल्या दरबारांत आफाकी आणि दखनी असे दोन गट होते. आफाकी म्हणजे इराण, तुराण, अरबस्तानातून नशीब काढायला आलेले, दखनी म्हणजे इथे रुजलेले. हबशी बहुधा दखनींच्या बाजूला. मलिक अंबर स्वतः हबशाणात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे अहमदनगरला पोहोचला. वझीर चंगेजखान त्याचा धनी, आणि तोही एकेकाळचा गुलाम. जकाल्लाच्या बंदरावर उतरणाऱ्या परदेशी पात्रासारखाच अंबरही ही दुनिया खालून शिकत गेला. फरक एवढाच की तो पुढे तिचा कारभारी झाला. त्याने बसवलेली शेतसाऱ्याची पद्धत 'मलिकंबरी' या नावाने मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेली.

बार्करांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९१ मध्ये त्यांनी टोपणनावाने एक नवनाझी कादंबरी लिहिली, आणि ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही ते होते. २०१२ मध्ये ते वारले, आणि २०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने हे जाहीरपणे मान्य केले. एवढी मोकळी दुनिया रचणारा माणूस एका जमातीबद्दल असे लिहू शकतो, ही गोष्ट बोचते. दुनिया मोकळी असली म्हणून ती रचणारा मोकळा असतो असे नाही. दुनिया तपासावी लागते, आणि रचणाऱ्यालाही.

गावपातळीवर माणसांना एकत्र आणणारी आपल्याकडची संस्था म्हणजे गोतसभा. वतनाचा, हद्दीचा, पाटीलकीचा तंटा उभा राहिला की गोत बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, आणि कसब्याच्या ठिकाणी काझी. निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर काझीचा शिक्का, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची धंद्याची निशाणी. पाटलाचा नांगर, कुणाची कट्यार. एका कागदावर सगळे गाव. तो कागद हरवला, फाडला, खोटा ठरवला किंवा वेळेत पोहोचला नाही तर घराणी उठत. आजच्या खेळाडूला खजिन्याचा नकाशा हवा असतो. त्या काळात महजर हाच खजिना होता.

जादूलाही कायदा हवा

हे झाले इतिहासाचे. पण खेळ अद्भुताचाही आहे. जिन्न, परी, तावीज, सिद्ध पुरुष यांचे काय? इथे चौथी गरज येते. जादूला मर्यादा हवी. काहीही होऊ शकते असे म्हटले की कशालाच अर्थ राहत नाही.

हे आपल्या दास्तानगोंना फार आधी कळले होते. अमीर हमजाच्या दास्तानीसाठी अकबराच्या चित्रशाळेने सुमारे चौदाशे चित्रे काढली. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ही दास्तान शेहेचाळीस जाड खंडांत छापली. त्यातले 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून निघू लागले. तिलिस्म म्हणजे जादूगाराने बांधलेली दुनिया. तिला वाटेल तेव्हा तोडता येत नाही. तिची मुदत असते, तोडणारा ठरलेला असतो, आणि तोडायची रीत एका लौहवर, म्हणजे पाटीवर, लिहिलेली असते. ती पाटी मिळवायला अय्यार लागतो. वेष पालटणारा, बेशुद्ध करणारा, भिंती चढणारा. अमर अय्यारकडे एक झंबील आहे, तिच्यात सगळे काही मावते. पण तो स्वभावाने चिक्कू आहे, आणि ती मर्यादा खूप गमती घडवते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये चोराचे पात्र येण्याच्या कितीतरी आधी ही पोतडी भरलेली होती.

मराठीतही अद्भुताची गोडी पुण्यातूनच पसरली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या आणि बगदादचा खलिफा सदाशिव पेठेच्या माजघरात पोहोचला. त्याच्या मुसलमान असण्याचे तेव्हा कुणाला वावडे वाटले नाही. हारून रशीद वेष पालटून रात्री शहरात फिरतो, ही कल्पना मराठी मुलांना आपली वाटली.

जन्मानेच वाईट कुणी नको

आता सर्वांत महत्त्वाची गरज. ज्या दुनियेत एक जमात जन्माने दुष्ट आहे तिथे खेळ सोपा होतो आणि लवकर कंटाळवाणाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये ऑर्क नावाची जमात अशीच होती. दिसली की मारायची, विचार करायचा नाही. मारणाऱ्याला पाप नाही. वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनीच विचारायला सुरुवात केली की ऑर्कांना मुले असतात ना, मग ती मुले जन्मतःच दुष्ट कशी? २०२० मध्ये प्रकाशकांनी जाहीर केले की अशा जमाती यापुढे माणसांसारख्याच बऱ्यावाईट रंगवल्या जातील. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्दच काढायचे ठरवले.

आपल्या लोकप्रिय इतिहासात ऑर्क कोण आहे हे वेगळे सांगायला नको. हिरव्या झेंड्याखाली, सुरमा घालून, मांसाचा लचका तोडत हसणारा माणूस पडद्यावर आला की पुढचे प्रेक्षकाला कळते. त्याला कसली विवंचना नसते, कर्ज नसते, आजारी आई नसते. त्याने फक्त मारले जायचे असते.

यावर आपण मुसलमान लिहिणाऱ्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे यादी. पायदळाचा सरनोबत नूर बेग, आरमारातला दौलतखान, चिटणीस काझी हैदर, प्रतापगडाच्या भेटीत अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम. यादी खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. पण ती प्रमाणपत्रासारखी वापरली की तिच्यातली माणसे पुन्हा मातीची चित्रे होतात. एवढे मुसलमान महाराजांकडे होते म्हणजे आम्हीही चांगले, असे म्हणताना जे महाराजांकडे नव्हते ते वाईट, हे आपण मान्य करून बसतो. खेळाचा नियम वेगळा आहे. तिथे प्रत्येक पात्राला विचारले जाते, तुला काय हवे आहे आणि कशाची भीती वाटते? नूर बेगला हे कुणी विचारले आहे?

१६५९ चाच प्रसंग घेऊ. अफझलखान निघाला तेव्हा जूनमध्ये आदिलशहाने मावळातल्या देशमुखांना फर्माने पाठवली की खानाला सामील व्हा. भोर भागातले कान्होजी जेधे फर्मान घेऊन मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून तिथेच राहिले. शेजारचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. दोघेही मराठा, दोघेही देशमुख, दोघांच्या हातात एकाच बादशहाचा कागद. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा वकील पंताजी गोपीनाथ, दोघेही ब्राह्मण. खानाच्या फौजेत मराठे, महाराजांच्या पहाऱ्यात सिद्दी. त्या पावसाळ्यात मावळातल्या प्रत्येक घरात एकच बोलणे चालले असेल, कुणीकडे जायचे? दिवाळीच्या किल्ल्यावर हा पावसाळा कधीच मांडला जात नाही. तिथे थेट नोव्हेंबरचा तो एक क्षण असतो.

ही दुनिया गोड नव्हती

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असे म्हणायचे का? नाही. अंबर वझीर झाला तरी माणसे विकली जाणे थांबले नाही. वेसकर महाराला गावाच्या हद्दी सर्वांपेक्षा जास्त ठाऊक असत, त्याच्या साक्षीने तंटे मिटत, तरी त्याची जागा वेशीबाहेरच राहिली. देवळे पडली, तीर्थांवर कर बसले, आणि हे करताना धर्माचे नाव घेतले गेले. १६३० च्या दुष्काळात दख्खनमधली गावेच्या गावे उठली. जहांगीर बादशहाने तर मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र काढून घेतले, आणि ते मुंडके त्याला कधीही मिळाले नाही. द्वेष तेव्हाही होता.

खेळता येण्याजोगी दुनिया सुखी असावी लागत नाही. तिच्यात अन्याय असतो, म्हणून तर काही करावेसे वाटते. पण त्या अन्यायाच्या बाजू जन्माने वाटलेल्या नसाव्यात, आणि प्रत्येकाच्या हातात थोडे का होईना काही असावे.

आणखी एक पथ्य. पूज्य पुरुष खेळाडूच्या हाती देऊ नयेत. शिवाजी महाराज असोत की एखादे पीर, त्यांच्या तोंडी वाटेल ते घालणे योग्य नाही आणि खेळालाही ते मारक आहे. थोर माणसे दूर क्षितिजावर असावीत. खेळ लहान माणसांचा असावा.

१६२६ चा पावसाळा

मला कुणी विचारले की पुण्यावर असा खेळ रचायचा तर वर्ष कोणते घ्यावे, तर मी १६२६ सांगेन. त्या वर्षी मे महिन्यात मलिक अंबर वारला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये विजापूरचा इब्राहिम आदिलशहा गेला आणि ऑक्टोबरात जहांगीर. दीड वर्षात तिन्ही सत्तांचे कर्ते गेले. जुने करार कुणी पाळायचे, जुनी देणी कुणी द्यायची, काहीच ठरलेले नाही. मुघलांचे राज्य इथे येईल, निजामशाही दहा वर्षांत संपेल, पुणे जळेल आणि याच जळालेल्या गावातून नवे राज्य उठेल, यातले काही कुणाला ठाऊक नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, म्हणून आपण त्या माणसांना आधीच बाजू वाटून देतो.

मग टेबलावर जुन्नरपासून सुप्यापर्यंतचा एक नकाशा पसरावा. मुळा, मुठा, भीमा, इंद्रायणी. चाकणचा किल्ला, सासवडकडचा घाट. त्यावर सहा माणसे ठेवावीत. धनी गेल्यामुळे मोकळा झालेला एक हबशी स्वार, ज्याचा चार महिन्यांचा पगार थकला आहे. मोडी आणि फारसी दोन्ही जाणणारा कुलकर्ण्याचा धाकटा भाऊ, ज्याला वतनात वाटा नाही. कसब्यातली मोमिन विणकराची विधवा, जिचा माल जुन्नरच्या पेठेत अडकला आहे. हद्दीचा प्रत्येक दगड ओळखणारा वेसकर. बैलांचा तांडा घेऊन घाट उतरणारी लमाण बाई. आणि एका पीराचा मुरीद, जो तावीज देतो पण तीनच, चौथा मागितला तर रडतो. सहा जणांचे एकच काम. पाऊस थांबायच्या आत एक महजर जुन्नरला पोहोचवायचा, कारण नवा ठाणेदार जुने कागद मानणार की नाही हे तो पाहिल्यावरच ठरवणार आहे. वाटेत दोन फौजांचे पहारे. कुणापुढे कोणती भाषा बोलायची, कागद कुणाच्या अंगावर लपवायचा, पहाऱ्यावर नात्यातला माणूस निघाला तर काय करायचे, हे त्यांनी आपसात ठरवायचे.

त्या सहांपैकी तीन मुसलमान आहेत. खेळताना हे मोजावेसे वाटणार नाही, कारण स्वाराला पगार हवा आहे, विधवेला माल हवा आहे आणि नदीला पूर आहे. आमच्या मुलांनी आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांनी दख्खनचा इतिहास एकदा तरी असा, शेवट ठाऊक नसलेल्या माणसांच्या बाजूने पाहावा. त्यासाठी चार फासे, एक कागदाचा नकाशा आणि एक दुपार पुरते.